वाटेत कुणी हाक मारू नये

सातारा ते सांगली या टापूत ज्यांची म्हणून लग्नं झाली आहेत, त्यांतली निम्मी माणसं, नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलं की शेवटी ज्या एका माणसाच्या नावानं बोटं मोडतात, ते आमचे मामा. "त्या मामाला आधी गाठते," असं म्हणून बायका भांडी आपटतात, आणि तेच मामा दारावरून जाताना दिसले की त्याच बायका पिठाचे हात न धुता रस्त्यावर धावत येतात. मामांना सख्खी बहीण नाही, म्हणजे खरं पाहता ते कुणाचेच मामा नाहीत. पण लग्नात मुलीला मांडवात आणायला मामा लागतो, मुलाच्या मागं उभं राहायला मामा लागतो, आणि आयत्या वेळी एखादा खरा मामा रुसून बसला की मध्यस्थालाच उभं करतात. असं करता करता ते सगळ्या जिल्ह्याचे मामा झाले, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून पार आष्ट्यापर्यंत पोचले. माझं लग्नही त्यांनीच जमवलं. हे मी कौतुकानं सांगतो. माझी बायको सांगते तेव्हा कौतुक जरा कमी असतं.

नोकरी म्हणाल तर जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखाली. म्हैस धरणे, बैलाच्या खुराला औषध लावणे, गाभण गाईच्या पोटाला कान लावून गंभीर चेहरा करणे, ही त्यांची कामं. पण खेड्यात गोठ्यापर्यंत जायचं तर घरातून जावं लागतं, आणि घरातून जाताना मामांचे डोळे कधी मिटलेले नसत. सोप्यात कोण बसलंय, चूल कोण सारवतंय, मुलगी किती शिकलीय, मुलगा रजेवर आलेला फौजी आहे की नुसताच बुलेट फिरवणारा आहे, हे सगळं गोठ्यापर्यंतच्या वाटेत टिपलेलं असे. गाय बघायला गेले आणि सून ठरवून आले, असं त्यांच्याबाबतीत इतक्या वेळा झालं की वडूजच्या बाजूला गाय आजारी नसतानाही माणसं त्यांना बोलावू लागली. "आवं मामा, गाय जरा खात न्हाई," असा निरोप आला की मामा हसून विचारत, "गाय किती शिकल्याली हाय?"

ते स्वतः मात्र सडेफटिंग. माझ्या बायकोनं एकदा धीर करून विचारलं, "मामा, सगळ्या गावाची जमवलीत, मग स्वतःचं का नाही?" तेव्हा चहाची बशी तोंडाला लावत ते म्हणाले, "ताई, माझं जमवायला मध्यस्थ कोन व्हनार? त्यो धंदा करनारा अख्ख्या तालुक्यात मी एकटाच." आम्ही पोट धरून हसलो. आता तो विनोद आठवला की हसू येत नाही.

हे मामा साठी उलटल्यावर सायकलीच्या नादाला लागले, आणि त्यालाही कारण एक स्थळच. साताऱ्यातला एक मुलगा, घरचा ऊस, नोकरी चांगली, पण दर रविवारी पहाटे सायकल घेऊन गायब. मुलीकडच्यांना शंका. मामांचा नियम असा की मुलाची चौकशी डोळ्यांनी करायची. म्हणून एका रविवारी संध्याकाळी ते त्या मुलाचा माग काढत पोवई नाक्याजवळ गेले, तर तिथं मांडव घातलेला, आणि सायकलवाल्या पोरांचा क्लब एका दिवसात दोनशे किलोमीटर जाऊन आलेल्यांना बिल्ले वाटत होता. सकाळी सहाला साताऱ्यातून निघायचं, आष्ट्याला जाऊन यायचं, आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत. एकट्यानं. वाटेत कुणाच्या गाडीचा आधार घ्यायचा नाही. एकेक जण घामानं निथळत येत होता आणि माईकवरून त्याचं नाव पुकारलं जात होतं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्यात मामांच्याच वयाचा एक म्हातारा होता. मामा मुलाची चौकशी विसरले. घरी येऊन मला म्हणाले, "मास्तर, शेकड्यांनी लग्नं लावली. माईकवर पावन्यांची नावं मीच वाचली. नवरीच्या मावशीच्या दिराचं बी नाव वाचलं. पत्रिकेत किरकोळातलं किरकोळ नाव छापत्यात. पर मध्यस्थाचं नाव कवा कुठं वाचल्यालं ऐकलंय का तुमी? एकदा तरी आपलं नाव आपल्या कष्टानं माईकवर वाजलं पायजे. ह्यात ना पोरीकडचं कोन, ना पोराकडचं. आपलं आपन."

मी मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेला आणि गुडघ्यातूनही. मी म्हटलं, "मामा, या वयात पडाल-बिडाल." ते म्हणाले, "पडल्यावर उचलाय गावोगाव माझी मानसं हायती." त्याच माणसांनी पुढं त्यांना कसं पाडलं, ते सांगतो.

सुरुवातीला शिकाऊ अडचणी झाल्या, त्या सगळ्यांनाच होतात. पायात गोळे आले, तळहाताला फोड आले. क्लबातल्या पोरांनी बुडाला उशी शिवलेली सायकलची चड्डी घ्यायला लावली. ती घातल्यावर मामा तीन दिवस माझ्या घरी आले नाहीत, कारण माझी बायको घरात होती. शेवटी त्यांनी तोड काढली. पाठीवरच्या पिशवीत कायम एक पांढरा पायजमा ठेवायचा. वाटेत कुणाच्या घरात जायची वेळ आली की आडोशाला जाऊन चड्डीवर पायजमा चढवायचा, मग आत जायचं. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यावर काळा चष्मा आणि खाली लेंगा, असे ते दारात उभे राहिले की बांधलेली जनावरं बुजत. त्यांचं गाईशी आयुष्यभर जमलं, पण त्या वेषात गाईसुद्धा त्यांना ओळखत नव्हत्या.

मग मुख्य अडचण अशी की मामांना पुढं जाता येत नसे. दम कमी होता म्हणून नव्हे, वळण आड येई म्हणून. रस्त्यानं एखादा म्हातारा सायकलच्या कॅरिअरला वैरणीचा भारा बांधून डुगुडुगु चाललेला असला की मामा त्याच्या मागं लागून राहात. वडीलधाऱ्याला मागं टाकून जायचं म्हणजे काय! शेवटी शेजारी जाऊन "आबा, जरा म्होरं जाऊ का?" असं विचारत. आबा म्हणत, "जा की, पर कुनाचा तू?" झालं. कुणाचा तू, ह्या प्रश्नाला मामांकडे थोडक्यात उत्तर नाही. आबांचं गाव निघे, भावकी निघे, नातवाचं वय निघे, आणि बांधावर बसून दोघं अर्धा तास काढत. शिवाय देवळावरून जाताना एक हात सोडून नमस्कार, ओळखीच्या माणसाला दोन्ही हात सोडून नमस्कार. ओळखीची माणसं देवांपेक्षा जास्त, म्हणून मामा त्यांच्यामुळेच जास्त वेळा पडले.

आणि चहा! आमच्याकडं दारावरून गेलेल्या पाहुण्याला तसाच जाऊ दिला तर ते घर नावाला मुकतं, आणि हाक मारूनही जो थांबला नाही त्याच्या घरचं पुढच्या कार्याला कुणी जात नाही. त्यातून हा मध्यस्थ. लग्न जमवून मोकळा झाला असं त्याला म्हणता येत नाही, संसार मोडेपर्यंत किंवा माणसं मरेपर्यंत तो बांधलेलाच. पाहुण्यानं नको म्हणायचं, हेही ठरलेलं. पहिला नको आमच्याकडं कुणी ऐकतच नाही. दुसरा ऐकून हसतात. तिसरा नको म्हणेपर्यंत कपात साखर पडलेली असते, आणि त्यानंतरही खरोखरच उठून गेला तर त्या माणसाला माज आला असं समजतात. मामांचा नको तर पंचक्रोशीत गाजलेला. "नको वैनी, लय घाईत हाय, नको, अजाबात नको," असं म्हणता म्हणता ते पिशवीतून पायजमा काढत असत.

वडूजच्या रस्त्याला सराव करायचा तर घरटी थांबा. मामा पहाटे निघून दुपारी बारा वाजता पुसेगावसुद्धा न गाठता परत येत, पोटात सात कप चहा, दोन बशा पोहे आणि एका सासूची गाऱ्हाणी. "सराव कसा झाला?" विचारलं तर म्हणत, "पोटाचा झाला." मग मीच सुचवलं की शिरवळच्या बाजूला जा. तिकडं कारखाने, हमरस्ता, परमुलखातली माणसं, तिथं तुम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. मामांना पटलं. खंबाटकीचा घाट चढून, फेफे उडालेले ते शिरवळला पोचले आणि एका कारखान्याच्या फाटकापाशी पाणी प्यायला टेकले. फाटकावरचा पहारेकरी माजी फौजी. त्यानं काळ्या चष्म्याच्या आतल्या माणसाकडं निरखून पाहिलं आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. "मामा! माझ्या मेव्हणीचं जमवलं न्हवं का तुमी!" दुपारी दोघं त्याच्या खोलीवर मटण खात होते. संध्याकाळी एका टेम्पोत सायकल घालून मामा साताऱ्याला उतरले.

पहिल्या खऱ्या प्रयत्नाच्या दिवशी मी त्यांना निक्षून सांगितलं, "मामा, आज थांबायचं नाही." ते बिचारे खरंच थांबणार नव्हते. पण उंब्रजला एका घरी सुपारी फुटायची होती, आणि देण्याघेण्यावर नव्हे, जेवण आधी की टिळा आधी यावर दोन्हीकडची मंडळी हटून बसली होती. कुणीतरी ओरडलं, "मामा चालल्यात सायकलीवर, धरा!" धरलंच. पायजमा चढवून मामा बैठकीत जाऊन बसले. डोक्यावरचं शिरस्त्राण काढायचं राहिलं. त्या अवतारात त्यांनी दोन्हीकडच्यांना असं झापलं की दुपारच्या जेवणाआधी सुपारी फुटली. मग जेवल्याशिवाय मामांना कुणी उठू दिलं नाही. दुपारी साडेतीनला मला फोन आला, "मास्तर, जमलं." मला वाटलं आष्टा आलं. म्हटलं, "शाब्बास! कुठं आहात?" तर म्हणाले, "हितंच, उंब्रजात. पोरगी सुखात पडली बगा."

दुसऱ्या वेळी नेर्ल्यापर्यंत मजल गेली. तिथं एका गोठ्यात गाय अडली होती. आता अडलेल्या गाईवरून पुढं जायचं म्हणजे मामांना जन्माची रुखरुख, तिथं मीसुद्धा काही बोलू शकलो नाही. वासराचा पाय आत मुडपलेला. डॉक्टर येईपर्यंत मामा कोपरापर्यंत हात घालून बसले होते. वासरू जगलं, गाय जगली, मामांची वेळ मेली. क्लबातल्या पोरांनी त्यांना समजुतीनं सांगितलं, "मामा, पुढच्या महिन्यात या." त्या रात्री पहिल्यांदाच मामा आमच्याकडं न बोलता जेवले. हात धुताना म्हणाले, "मास्तर, लोकांनी माजी वाट लावली. आता पुढल्या बारीला न्हाई झालं, तर सायकल देऊन टाकनार कुनाला तरी. आपल्या नशिबात माईक न्हाई, मंडपाचं खांबच हायती." गमतीत म्हणाले, पण डोळे पाण्यात होते. माझी बायको स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तिसऱ्या खेपेला त्यांनी निरोप काढायचं ठरवलं. मोबाईलवर टाइप मी केलं, मजकूर त्यांचा. "सर्व पाहुणे मंडळींना सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी मी सायकलीवरून आपल्या दारावरून आष्ट्यास जाऊन परत येणार आहे. तरी त्या दिवशी वाटेत मला कुणीही हाक मारू नये, चहापाणी विचारू नये, आडवं येऊ नये. राग नसावा. आपला मामा." हा निरोप सातारा ते आष्टा, जिथं जिथं त्यांनी अक्षता टाकल्या होत्या तिथं तिथं गेला. गेल्यावर मामा मिशीत हसले. "लोकं ऐकत्यात व्हय, मास्तर! आपल्या मानसांनी कवा नको ऐकलंय? हाका मारनारच. मी उंब्रज आनि कासेगाव, दोन जागी चा धरलाय वेळात. तेवढ्यानं काय बिघडत न्हाई."

माझ्याही मनात तेच होतं. फार झालं तर पाचदहा जण ऐकतील, बाकीचे रस्ता अडवतीलच.

रविवारी पहाटे पोरांबरोबर मामा सुटले, आणि मी बस धरून आष्ट्याला गेलो, कारण परतीच्या त्या टोकाला आपल्या माणसानं पाणी दिलेलं चालतं. बरोबर बायकोनं दिलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दोन केळी. मी धरून चाललो होतो की मामा दुपारी उशिरा येतील, धापा टाकत, आणि वाटेत किती कप झाले त्याची गोष्ट सांगतील. तर बारा वाजायच्या आत, उन्हात, समोरून तेच शिरस्त्राण आणि तोच चष्मा. मी आनंदानं ओरडलो, "अहो मामा, कमाल केलीत! विक्रमच!"

मामा उतरले. सायकल भिंतीला टेकवली. क्लबाच्या पोरानं कार्डावर शिक्का मारला, पाठीवर थाप मारली. मामांनी मान हलवली आणि माझ्या शेजारी येऊन खाली बसले. पाणी घेतलं, भाकरी घेतली नाही.

"काय झालं? पायात गोळा आला का?"

"न्हाई."

"मग?"

"कुनी हाक मारली न्हाई, मास्तर."

ते रस्त्याकडं बघत बोलू लागले. "उंब्रजला सर्व्हिस रोडला सगळी उभी व्हती. ज्यांची सुपारी मी फोडली ती पोरगी, तिची सासू. मी लांबनं बगितलं आनि सायकल हळू केली. आता हाक येतीया, आता येतीया. सासूनं तोंड भिताडाकडं फिरवलं, हाक जाऊ नये म्हनून. पोरीनं पदर तोंडात धरला. मी म्होरं गेलो. मागं वळून बगितलं, तर हात वर करून उभी. पर तोंडातनं आवाज न्हाई. कासेगावात तर म्हातारा पळत कडंला आला, आनि ल्योकानं त्याला धरलं. 'आबा, निरोप हाय मामांचा.' मला ऐकू आलं. नेर्ल्यात त्यांनी वासरू रस्त्यावर आनून उभं केलं व्हतं, मला दावाय. मानसं उभी, वासरू उभं, सगळी गप. एका बी गावात, मास्तर. मी आपला ब्रेकवर बोट ठिवून चाललोय."

"अहो, तुमच्यासाठीच ना ते! तुम्ही सांगितलंत म्हणून. जीव टाकतात तुमच्यावर, म्हणून तोंड आवळून उभे राहिले."

"ते कळतंय की मला. एवढं पन कळत न्हाई व्हय?" ते जरा चिडलेच. मग आवाज उतरला. "माजा नको त्यांनी आजवर कवा ऐकला न्हाई. आज ऐकला."

मी खिशातून फोन काढला. म्हटलं, "थांबा, मी कासेगावला सांगतो. परतीला हाक मारा म्हणून. तुमच्याकडं वेळ भरपूर आहे."

मामांनी माझा हात धरला. "नको. सांगून मारल्याली हाक काय करायची?" हा नको मात्र खरा होता, त्याच्यापुढं आग्रह करायची माझी छाती झाली नाही. मी फोन ठेवून दिला. त्यांनी एक केळं खाल्लं, गूळ खिशात टाकला आणि पुन्हा सायकलीवर बसले. जाताना त्यांच्या पाठीवरच्या पिशवीतून पायजम्याची नाडी बाहेर लोंबत होती. वाटेत कुठं तो काढायची वेळच आली नव्हती. भर दुपारच्या त्या मोकळ्या रस्त्यावर इतका एकटा माणूस मी कधी पाहिला नाही, आणि मला माझाच राग आला की मी निवृत्त गुडघ्यांचा मास्तर, नाहीतर बोंबलत त्यांच्या मागं गेलो असतो.

संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर, चांगलाच वेळ हातात राखून, मामा पोवई नाक्यावर आले. मी बसनं आधीच पोचलो होतो. मांडवात दहाबारा माणसं, त्यातली निम्मी पाय चोळत बसलेली. क्लबातल्या पोरानं माईक हातात घेतला आणि मामांचं नाव पुकारलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. इतक्या वर्षांत त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि क्षणभर हा कोण, म्हणून इकडंतिकडं बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी बिल्ला गळ्यात घालून घेतला, पोरांच्या पाठीवरून हात फिरवला, मग मांडवाच्या बाहेर उभ्या असलेल्या रिक्षांकडं, दुकानांकडं नजर टाकली. कोण येणार होतं? वाटेत कुणी अडवू नये एवढाच निरोप होता, शेवटी यावं असं त्यात कुठं लिहिलं होतं? आणि ते लिहिणारा मीच असूनही मला तरी कुठं सुचलं!

त्यांना उभं राहावत नव्हतं म्हणून मी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या खोलीपर्यंत सायकल धरून गेलो. जिना चढताना माझ्या ध्यानात आलं की मी इथं पहिल्यांदा येतोय. मामा आमच्याकडं आठवड्यातून तीनदा, पण आम्ही त्यांच्याकडं कधीच नाही. आम्हीच काय, कुणीच नाही. सगळ्यांची घरं त्यांना पाठ होती, गोठ्यासकट. त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला. एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीला लागून टॉवेलांची थप्पी, कमरेइतकी. नवे, घडीसुद्धा न मोडलेले. प्रत्येक लग्नात मध्यस्थाला टॉवेल-टोपीचा मान मिळतो, तो सगळा तिथं साठला होता. एकट्यानं अंग पुसून एवढे टॉवेल सात जन्मांत संपले नसते.

"बसा, मास्तर. चा टाकू का?"

नको म्हणायची इतकी सवय की शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला. "टाका," म्हटलं, "आणि चांगला दोन कप टाका."

मामा माझ्याकडं बघतच राहिले. मग घाईघाईनं स्टोव्ह पेटवला. कप एकच होता, तो मला दिला, आणि स्वतः पाण्याच्या पेल्यात ओतून घेतला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजू लागला, तो वाजतच राहिला. उंब्रजहून, नेर्ल्याहून, पेठनाक्यावरून. सगळ्यांचं एकच, मामा, आम्ही बघितलं तुम्हाला, पर मुद्दाम हाक मारली न्हाई. मामा प्रत्येकाला म्हणत होते, "व्हय, व्हय. बरं केलं. लय उपकार झालं." चहा निवत होता. शेवटी कासेगावचा फोन आला. त्या घरची वहिनी मोठ्या आवाजाची, तिचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. "मामा, आवं आमच्या आबांनी दुपारपस्नं जेवन केलं न्हाई. मामा दारावरनं तसं गेलं, आनि मला धरून ठिवलं, म्हनत्यात. पर निरोप मोडला न्हाई बगा आमी!"

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "वैनी, एक काम व्हतं."

"बोला की. कुनासाठी बगायचंय? पोरगी का पोरगा?"

"पोरगी न्हाई, पोरगा बी न्हाई. माजंच हाय." त्यांनी पेला खाली ठेवला. "आबांना म्हनावं जेवा. आनि उंद्यापस्नं मी कवा बी तुमच्या दारावरनं चाललो, तर हाक मारा मला. मी घाईत हाय म्हनलो, निरोप धाडला, हात जोडलं, तरी मारा. ऐकू नका माजं."

पलीकडून वहिनींचा मोठा आवाज एकदम खाली आला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मामांनी नुसतं "व्हय" म्हटलं आणि फोन खाटेवर ठेवला. गळ्यातला बिल्ला त्यांनी अजून काढला नव्हता. माझ्याकडं न बघता, स्टोव्हकडं बघत ते म्हणाले, "आज पैल्यांदाच सोतासाठी कुनाकडं काय तरी मागितलं, मास्तर."

मी रिकामा कप त्यांच्यापुढं धरला आणि म्हटलं, "मामा, अजून थोडा घाला."